बत्तीस जीबीची वाटणी

आसगावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी आणि किती जायचं, हे टेकचंद कापगते ठरवतो. कुठल्या सरकारी कागदावर हे पद शोधू नका, सापडायचं नाही. गाव त्याला पाणकर म्हणतं, त्याच्या बापालाही पाणकरच म्हणायचं. धानाची लोंबी निसवायला आली आणि पावसानं पाठ फिरवली, की त्या दिवसांत गावातल्या पाटलापेक्षा पाणकराला जास्त नमस्कार पडतात. तलावाचं दार तोच उघडतो आणि तोच बंद करतो. वरची बांधी भरली की मधल्या बांधाला, धुऱ्याला, पाडलेल्या तोंडातून पाणी खालच्या बांधीत उतरतं, तिथून तिच्या खालच्या, असं करत करत शेवटच्या शेतापर्यंत जातं. मधे कोणी तोंड बुजवून ठेवलं तर टेकचंद त्याच्या घरी जातो, त्याच्याच ओसरीवर बसून त्याचाच चहा पितो आणि मग त्याला असा झाडतो की घरातली बाई कप उचलायला बाहेर येत नाही.

या कामाबद्दल गाव त्याला धान देतं. पण एक जुनी रीत आहे. पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यांच्या शेवटी भिजवायची. पाणी वाटणाऱ्यानं आधी आपलं भरून घेतलं असा संशय यायला नको, म्हणून कोण्या काळच्या शहाण्यांनी हे ठरवलं असेल. ठरवणाऱ्यांचं बरं असतं, भोगतो दुसराच. तलाव भरलेला असेल त्या वर्षी टेकचंदची बांधी भिजते. नसेल त्या वर्षी कौशल्या, म्हणजे त्याची बायको, आपल्या पिवळ्या पडलेल्या धानाकडे बघत शेजारच्या हिरव्या शेतात निंदायला जाते. टेकचंदनं ही रीत एकदाही मोडली नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान त्याच्या घराला चांगलाच महाग पडला होता.

तसा माणूस हुशार. बारावी सायन्स करून त्यानं भंडाऱ्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि खिशात फ्लॉपी, असा तो जमाना. पुढं काही करायच्या आत वडील गेले आणि तलावाचं दार त्याच्या हाती आलं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी त्याचं लग्न झालं. कौशल्याचं माहेर अर्जुनीकडचं, म्हणजे ते तिकडच्या वाट्याला गेलं. सरकारनं माझी सासुरवाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन टाकली, असं तो अजूनही सांगतो. त्यावर कौशल्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"जिल्हा तुटला म्हनून काय झालं? बस त रोजच जाते. तुमालेच टाइम नाई."

टाइम त्याला खरंच नसे. गावात पंप बिघडला टेकचंद, टीव्ही दिसेनासा झाला टेकचंद, मोबाइलमधून आवाज गेला तरी टेकचंद. कोर्स वाया गेला असं कोणी म्हणू नये. फक्त एक खोड होती. घराबाहेर तो प्रत्येकाचं ऐकून घेई, घरात मात्र जे ठरवायचं ते स्वतःच ठरवून मोकळा होई. त्यात दुष्टपणा काही नव्हता. घरातल्यांना काय हवं ते आपल्याला ठाऊकच आहे, असं त्याला मनापासून वाटे.

त्यांना एकच मुलगी, रंजिता. बारावी झाल्यावर तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशासाठी बापानं सोबत जायचं ठरलं होतं, आणि त्याच आठवड्यात तलावाची पाळ झिरपू लागली. टेकचंद माती आणि पोती घेऊन पाळीवर राहिला तो पाळ बुजेपर्यंत घरी आलाच नाही. तलाव वाचला. प्रवेशाची तारीख निघून गेली. "आता कॉलेज जवरचंच पाहू, घरून जाणं-येणं होते," असं त्यानं परस्पर सांगून टाकलं, आणि रंजितानं जवळच्या कॉलेजात बीए केलं. गावानं टेकचंदचं फार कौतुक केलं. रंजितानं केलं नाही. ती भांडली नाही, रडलीही नाही, फक्त त्याच्याशी गरजेपुरतं बोलू लागली. हे त्याला लागायचं. पाळीवर बसल्या बसल्या एखादे वेळी त्याला आपल्याच पोरीची भीती वाटायची, पण ही गोष्ट त्यानं कौशल्यालासुद्धा सांगितली नाही.

बीए झाल्यावर वर्षभर ती घरीच होती. टाळेबंदीचे दिवस संपून लोक पुन्हा कामाला लागले होते, पण शहरातल्या काही कंपन्यांना घरून काम करून घ्यायची सवय लागली होती. अशाच नागपूरच्या एका कंपनीची बातमी रंजिताला तिच्या मैत्रिणीकडून, शुभांगीकडून कळली. शिकवणीचे तास रेकॉर्ड केलेले असतात, ते ऐकून शुद्ध मराठीत टाइप करून द्यायचे. टायपिंग रंजिताला येत होतं आणि मराठी तिचं चांगलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की आठवडाभर घरून काम करून दाखवा, रोजची फाइल रोज संध्याकाळपर्यंत पाठवा, एकही चुकवू नका. पसंत पडलं तर नोकरी. लॅपटॉप मात्र स्वतःचा पाहिजे.

लॅपटॉप घरात होता. टेकचंदचा चुलतभाऊ संजीव नागपूरला राहतो, त्यानं दिवाळीत आपला जुना देऊन टाकला होता. दिसायला पातळ, देखणा, आणि पोटात जागा फक्त बत्तीस जीबी. ती वाढवायची म्हटली तरी वाढत नाही, कंपनीनं आतच डाग देऊन चिकटवलेली. विंडोजनं ती जवळजवळ सगळी खाल्ली होती. चालू केला की आधी पंखा ओरडे, मग अपडेटला जागा नाही अशी तक्रार येई, आणि मग काहीच होत नसे. पवनीच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडूनही पाहिला नाही. "नवीन घेऊन टाका काका," एवढं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

टेकचंदनं ते मनावर घेतलं. तलावाच्या पाळीवर नेट चांगलं येतं. तिथं बसून तो मोबाइलवर वाचत राहिला, आणि त्याला लिनक्सचा शोध लागला. फुकट मिळतं, हलकं असतं, जुन्या मशीनवर चालतं. संध्याकाळी त्यानं घरी जाहीर करून टाकलं की विंडोज काढायची.

"अन् मग त्याच्यात काय टाकता?" कौशल्यानं विचारलं.

"लिनक्स. ते विंडोज म्हंजे कसं, चार पेट्या घेऊन आलेला पाव्हना. घरच्याइलेच झोपाले जागा नाई ठेवत. अन् हे येते एक थैली घेऊन."

"पाव्हनाच आहे ना पन? जेवाले त लागलंच."

या प्रश्नाकडे त्यानं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

लिनक्सची फाइल त्यानं पाळीवर बसून उतरवली, आणि एका ओळखीच्याच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये टाकून आणली. लॅपटॉपनं त्या पेनड्राइव्हला ओळखच दिली नाही. मग कळलं की फाइल नुसती टाकून भागत नाही, पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू होईल अशी ती लिहावी लागते. पुन्हा पवनीची फेरी झाली. तिथं रीता नावाची मुलगी ऑनलाइन केंद्र चालवते, तिनं ते नीट लिहून दिलं. मग चालू करताना नेमकं कोणतं बटण दाबायचं याचा खेळ. टेकचंद बटण दाबी तोवर विंडोज पुढं येऊन उभी राही. शेवटी बोट बटणावरून न उचलता त्यानं मशीन चालू केलं, आणि पडद्यावर नवीनच काहीतरी आलं.

काही पुसायच्या आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघायची सोय असते. तसं चालवलं. नेट लागलं, आवाज आला, मराठी अक्षरं नीट दिसली. पंखा गप्प बसला होता. रंजिता खुर्ची ओढून जवळ आली.

"बाबा, हा तोच आहे का?"

एवढंच ती म्हणाली, पण बऱ्याच दिवसांनी तिनं आपण होऊन त्याला काही विचारलं होतं. टेकचंद इतका खूष झाला की उत्तर द्यायचंच विसरला.

आता खरं बसवायचं होतं. बसवणारा प्रोग्राम एका जागी थांबून विचारतो: सगळी डिस्क पुसून मी माझं मी बसवून घेऊ, की जागेची वाटणी तुम्ही करता? वाटणी हा शब्द दिसल्यावर टेकचंद कसला थांबतो.

"बाबा, पयलंच घ्या," रंजिता म्हणाली. "सगळी जागा एकच राहू द्या."

"एकच? एवढ्या रानाची एकच बांधी? मधात धुरा नाई?"

"इथं कोन कोन आहे? मी एकटीच त आहो."

"तू एक अन् मशीन एक. झाले ना दोघं? तुह्या फायली वेगळ्या असल्या म्हंजे उद्या मशीनचं काही बिघडलं तरी तुह्या वाट्याले धक्का नाई. वाचलं आहे मी."

वाचलं होतं हे खरं. त्याच लेखात खाली असंही लिहिलं होतं की डिस्क लहान असेल तर ही वाटणी करू नये. पण तिथवर पोचायच्या आधी सेवकरामचा फोन आला होता आणि लेख तिथंच राहिला होता. सेवकरामचं शेत तलावापासून पार शेवटी, त्यामुळे त्याचे फोन फार.

टेकचंदनं धुरा घातला. मशीनच्या स्वतःच्या वाट्याला, म्हणजे लिनक्स आणि त्याचे प्रोग्राम जिथं राहणार तिथं, कमीत कमी लागेल तेवढी जागा दिली आणि वर चिमूटभर. उरलेली सगळी रंजिताच्या फाइलींना. हा वाटा कमी पडेल, असा इशारा पडद्यावर आला.

"मशीन आहे, मागतेच. बाबुलाल नाई मागत?" बाबुलालची बांधी तलावाला लागूनच, आणि तिचं पोट कधी भरत नाही असं बाबुलालचं म्हणणं. "अन् कमी पडलंच त काय? इकडची भरली का तिकडं उतरेल."

रंजितानं खुर्ची मागे ओढली. वाटणीच्या बाबतीत बापाचा शब्द अख्खं गाव मानत होतं, तिनं तरी किती भांडावं?

टेकचंदच्या मनात तेव्हा काय होतं ते सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर तो नुसताच हेकट वाटेल. आयुष्यभर त्यानं आपल्या घराला शेवटी पाणी दिलं होतं. ही पहिली वाटणी अशी होती की जिथं तो आपल्या पोरीला आधी देऊ शकत होता, भरपूर देऊ शकत होता, आणि बोट दाखवायला कोणी नव्हतं. आणि आणखी एक होतं. लॅपटॉप चालला, काम जमलं, तर पोरगी घरीच राहून कमावेल, डोळ्यांसमोर राहील, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. हे मात्र तो कोणाला बोलला नाही.

आठवडा सुरू झाला. घराची तऱ्हाच बदलली. दिवसा टीव्ही बंद. कौशल्या मिक्सरऐवजी पाट्यावर वाटू लागली. कोंबड्या खिडकीखाली आल्या की ती न ओरडता, नुसते हात हलवून त्यांना हाकले, आणि कोंबड्या तिच्याकडे बघत उभ्या राहत. रंजिता कानाला हेडफोन लावून ऐके आणि टाइप करी. नेटसाठी तिचा फोन लॅपटॉपशी बांधलेला असायचा, म्हणून कंपनीला तिनं बोलण्यासाठी वडिलांचा नंबर देऊन ठेवला होता. रोजची फाइल रोज जात होती. एका दिवशी तिकडून उत्तर आलं की काम स्वच्छ आहे. रंजितानं ते आईला वाचून दाखवलं, आणि टेकचंद ओसरीवर होता त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.

पण लिनक्स झालं तरी ते मशीनच. ते गुपचूप आपले अपडेट उतरवत होतं. कंपनीनं सांगितलेले दोन प्रोग्राम बसले, मराठी कीबोर्ड बसला, फॉन्ट आले. हे सगळं मशीनच्या वाट्यात जाऊन बसतं, रंजिताच्या नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक सूचना येऊ लागली की जागा संपत आली.

"बाबा, हे जागा नाई म्हनून राहिलं."

टेकचंदनं येऊन पाहिलं. "तुह्याकडं पाह्य ना, किती खाली पडली आहे. भरू दे तिकडची. उतरेल."

तो घाईतच होता. पाऊस ओढ देऊन बसला होता, धान निसवत होतं आणि तलावात पाणी बेताचं होतं. वरच्या शेतांचं झालं होतं, आता शेवटच्यांची पाळी.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी रंजितानं लॅपटॉप चालू केला. पासवर्ड मागितला, तिनं दिला. पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्ड मागू लागला. तिनं पुन्हा दिला, पुन्हा तेच. शेवटची फाइल अर्धी झाली होती आणि ती आतमध्ये होती. ती आज गेली नाही तर आधीच्या सगळ्या गेल्या काय आणि न गेल्या काय, सारखंच.

टेकचंदनं बसून पाहिलं. बंद करून चालू केलं. एवढ्यात दारात सेवकराम येऊन उभा राहिला.

"टेकचंदभाऊ, चाल ना गा. आज माह्या बांधीची पारी आहे. लोंबी बाहेर निघून राहिली, आज पानी नाई भेटलं त फोल होते सारं."

"आज नाई येत मी," टेकचंद पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "उद्या पाहू."

सेवकरामला आपण काय ऐकलं ते कळेना. कौशल्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाणकर पाळीवर यायला नाही म्हणतो, हे त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"तुमी जा बाबा," रंजिता म्हणाली.

"नाई. आज पयले तुहं काम. एकडाव त तुहं पयले होऊ दे."

रंजितानं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर टेकचंदला सोपं गेलं असतं.

"मी कवा म्हनलं माह्यं पयले करा? सेवकरामकाकाचं धान मरून राहिलं अन् तुमी इथं बसता, हे मी मागतलं का तुमाले? मी म्हनलं होतं, जागा एकच ठेवा. तुमी धुरा घातला. मी म्हनलं होतं, नागपूरले जातो. तुमी कॉलेज पाहून ठेवलं. गावच्या एकेका मानसाले विचारता तुमी, तुले किती पायजे, कवा पायजे. अन् मले? मले कवा विचारलं?"

सेवकराम दारात उभा होता, त्याला आत यावं की बाहेर जावं ते समजेना. टेकचंद उठला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण आली ती लाज, आणि तीही दुसऱ्याच्या देखत. तो चप्पल घालून सेवकरामच्या मागे निघाला.

तलावाचं दार उघडून तो पाळीवरून खाली उतरला. पाणी बांधीबांधीतून सरकत होतं. एके ठिकाणी धुऱ्याचं तोंड कोणी चिखलानं लिंपून ठेवलं होतं, आणि वरची बांधी डबडबून पाणी तिथंच थबकलं होतं. सेवकराम शिव्या देत वाकला आणि त्यानं चिखल काढला, तसं पाणी धाडकन खाली आलं. टेकचंद तिथंच उभा राहिला. आपण धुरा घातला, पण त्याला तोंड कुठं ठेवलं? मशीनच्या वाट्यातून रंजिताच्या वाट्यात जायला वाटच नव्हती. पलीकडं एवढी मोकळी जागा असून मशीनला एक फाइल ठेवायला ठिकाण उरलं नव्हतं, म्हणून ते दारातच गुदमरलं होतं. ही साधी गोष्ट ज्याचा जन्म बांधीत गेला नाही अशा माणसानं चुकवलीच नसती, कारण डिस्कची जागा आपोआप उतरेल असं त्याच्या डोक्यातच आलं नसतं. टेकचंदला सेवकरामच्या शेताच्या धुऱ्यावर बसून घ्यावंसं वाटलं. तो बसला. शेवटची बांधी ओली होईपर्यंत मात्र तो हलला नाही.

घरी आला तेव्हा दुपार कलली होती. रंजिता टाइप करत होती. तिनं वर पाहिलं नाही. कौशल्यानं त्याला चुलीकडं बोलावून हळू आवाजात सांगितलं.

"फोडला तिनं तुमचा धुरा."

तो पेनड्राइव्ह रंजितानं जपून ठेवला होता. त्यावरून तिनं मशीन चालू केलं, आपल्या वाट्यात जाऊन फाइली केबल लावून मोबाइलमध्ये काढून घेतल्या, आणि सगळं नव्यानं बसवलं. प्रोग्रामनं विचारलं तेव्हा पहिलाच पर्याय घेतला. सगळी डिस्क सपाट, एकच जागा. कीबोर्ड पुन्हा टाकला, फाइली परत आत घेतल्या आणि अर्धी राहिलेली फाइल जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केली. बापाला कित्येक दिवस लागलेलं काम तिनं बघून बघून शिकून ठेवलं होतं. आपल्या धुऱ्यामुळंच तिच्या फाइली वाचल्या, असं टेकचंद पुढं लोकांना सांगू लागला. धुरा नसता तरी त्या वाचल्या असत्या, पण ते जाऊ द्या.

दिवे लागायच्या सुमारास फाइल गेली. रंजितानं लॅपटॉप मिटला, आईनं वाढलेलं जेवली आणि झोपली. पुढचे काही दिवस घर तसंच दबकत चाललं. टीव्ही लावायची आता बंदी नव्हती, तरी कोणी लावला नाही. पाऊस एकदाचा आला, आणि त्या वर्षी तरी पाणकराच्या बांधीला कोणाची वाट बघावी लागली नाही.

नंतर एका सकाळी टेकचंद अंगणात फवाऱ्याच्या पंपाचं वायसर बदलत बसला होता आणि त्याचा फोन वाजला. नागपूरच्या कंपनीतली बाई बोलत होती. आवाज स्वच्छ, बोलणं झटपट. तुमच्या मुलीचं काम आम्हाला पसंत आहे, ती म्हणाली. फक्त एक विचारायचं होतं. काही मुली घरूनच काम करतात, काहींना आम्ही इथं ऑफिसात बसवतो, इथं शिकायला जास्त मिळतं, राहायची सोय बघून देतो. दोन्ही चालतं. ती घरूनच करणार ना? तसं लिहून घेऊ का?

टेकचंदच्या हाताला पंपाचं वंगण लागलं होतं, फोन त्यानं खांद्यात धरला होता. खिडकीतून रंजिता दिसत होती. हेडफोन लावून ती काहीतरी ऐकत होती, तिला फोन वाजलेला कळलासुद्धा नव्हता. कौशल्या विहिरीवर गेली होती. होय, घरूनच, एवढे दोन शब्द म्हटले असते तर गोष्ट संपत होती. कोणाला कळलं नसतं. कंपनीनं तसं ठरवलं असं रंजिताला वाटलं असतं, आणि पोरगी डोळ्यांसमोर राहिली असती. त्याला ते दोन शब्द म्हणायचे होते. तोंडात आलेही होते.

"हॅलो?" बाई म्हणाली. "लिहू ना घरूनच?"

"थांबा बाई," टेकचंद म्हणाला. "तिले विचारतो."

तो आत गेला. रंजिताच्या खांद्याला हात लावायचा तर हात वंगणाचे, म्हणून त्यानं कोपरानं तिची खुर्ची हलवली. तिनं हेडफोन काढला.

"कंपनीचा फोन आहे. पसंत केलं तुले. घरून करशील का नागपूरले जाशील, विचारून राहिली बाई." मग त्यानं विचारलं, "तुले काय पायजे?"

त्याला वाटलं होतं ती विचार करेल. एखादा दिवस मागेल, आईला विचारते म्हणेल, निदान त्याच्या तोंडाकडं तरी बघेल. तेवढ्यात तो मनाची तयारी करणार होता.

"नागपूर," रंजिता म्हणाली. "येतो म्हना."

टेकचंदनं फोन कानाला नीट लावला.

"येते म्हनते," तो म्हणाला. लगेच गावाचं नाव घेऊन त्यानं पुन्हा सांगितलं, "नागपूरले येते म्हनते बाई, तसंच लिहा." मग तिकडून बाई कुठं उतरायचं, सोबत काय काय आणायचं ते सांगत गेली आणि तो एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणत राहिला, म्हणजे रंजिताला ऐकू जावं.